पंखा फिरवणारे हात: एअर मेकॅनिक ते मेजर, जेम्स मॅकडन

१/ १२ ऑगस्ट १९१४. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून आठ दिवस झाले होते. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील नेदरएव्हन विमानतळावर पहाटेपासून लगबग चालली होती. रॉयल फ्लाइंग कोअरची क्रमांक ३ स्क्वाड्रन डोव्हरमार्गे फ्रान्सला निघाली होती. एकोणीस वर्षांच्या एका मेकॅनिकने एका ब्लेरिओ विमानाचा पंखा हाताने फिरवला, इंजिन सुरू करून दिले आणि तो बाजूला झाला.

२/ विमानात दोघे होते: वैमानिक लेफ्टनंट रॉबर्ट स्कीन आणि एअर मेकॅनिक कीथ बार्लो. सामानाच्या ओझ्याने विमानाची शेपटी खाली झुकलेली होती. ते दृष्टीआड झाले, मग इंजिनाचा आवाज थांबला आणि पाठोपाठ काहीतरी आदळल्याचा आवाज आला. पंखा फिरवणारा तो मेकॅनिक त्या दिशेने सुमारे अर्धा मैल धावत गेला. फरच्या झाडांच्या एका लहानशा राईत विमान पडले होते. दोघेही मरण पावले होते.

३/ महायुद्धातील सेवेत रॉयल फ्लाइंग कोअरने गमावलेले हे पहिले दोन जण. शत्रू अजून दिसलाही नव्हता. बार्लोच्या अंगावर जखमेची खूण नव्हती. केवळ आघाताने त्याचा प्राण गेला होता. त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलेला त्याचा सहकारी कधी उगवत्या सूर्याकडे, कधी बार्लोच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला आणि युद्ध नेहमी असेच असणार काय, हा विचार त्याच्या मनात आला. पुढे आपल्या आठवणींत त्यानेच हे लिहून ठेवले. त्याचे नाव जेम्स मॅकडन.

४/ चार वर्षांनी मॅकडन मरण पावला तेव्हा तो मेजर होता. ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्याला मिळाला होता आणि ५७ हवाई विजय त्याच्या नावावर होते. इतिहासाने त्याला वैमानिक म्हणून लक्षात ठेवले. परंतु त्याची घडण विमानाच्या हँगरमध्ये, तेलकट हातांनी झाली होती. त्याच्या यशाचा आणि शेवटाचाही उलगडा तिथूनच होतो.

५/ जेम्सचा जन्म २८ मार्च १८९५ रोजी केंट परगण्यातील गिलिंगहॅम येथे झाला. वडील रॉयल इंजिनीअर्समध्ये सैनिक. १९०९ मध्ये कुटुंब शीअरनेसला आले. त्याच शेपी बेटावर ईस्टचर्च आणि लेस्डाउन येथे ब्रिटनमधील आरंभीचे विमानप्रयोग चालले होते. थोरला भाऊ विल्यम आणि जेम्स या दोघांना विमानांचे वेड लागले ते तिथेच. १९१० मध्ये पंधराव्या वर्षी जेम्स वडिलांच्याच दलात बिगुलवादक मुलगा म्हणून भरती झाला.

६/ जिब्राल्टरला काही काळ चाकरी करून तो परतला आणि २८ एप्रिल १९१३ रोजी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दुसऱ्या श्रेणीचा एअर मेकॅनिक झाला. आरंभ मोठा शुभ नव्हता. फार्नबरोला आल्यावर थोड्याच दिवसांत त्याने एका कॉड्रॉन विमानाचा पंखा फिरवला. इंधनाचा झडपदांडा उघडाच राहिलेला होता. विमान चालकाविना धावत सुटले, स्वतः मोडले आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मोटारीचीही नासधूस करून थांबले. जेम्सला काही दिवसांची कोठडी आणि पगारकपात अशी शिक्षा झाली.

७/ त्या काळी पंखा फिरवणे हे मेकॅनिकचे रोजचे, पण जिवावरचे काम होते. इंजिन सुरू करणारी वेगळी यंत्रणा विमानात नसे. वैमानिक स्विच बंद असल्याचे सांगे, मेकॅनिक पंखा दोनतीनदा फिरवून इंधन आत ओढून घेई, मग ‘कॉन्टॅक्ट’ असा पुकारा होई आणि एका जोरदार हिसक्यासरशी इंजिन पेट घेई. इंजिनाने उलटा झटका दिला, तर हात मोडे. पाय घसरून माणूस पुढे गेला, तर त्याहून वाईट घडे.

८/ ब्लेरिओच्या नाकावरील ‘नोम’ इंजिन हे एक नवलच होते. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर स्थिर असतात आणि आतला दांडा फिरतो. ‘नोम’मध्ये दांडा विमानाला पक्का जखडलेला असे आणि सगळे सिलिंडर पंख्यासह गरगर फिरत. फिरण्यामुळेच ते वाऱ्याने थंड राहत, त्यामुळे इंजिन हलके होई. वंगणासाठी एरंडेल तेल लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. जळके तेल मागे उडून वैमानिकाच्या तोंडावर येई.

९/ असे इंजिन वारंवार उतरवून, सुटे करून, साफ करून पुन्हा जोडावे लागे. झडपा, स्पार्क प्लग, प्रत्येक बोल्ट तपासावा लागे. हे काम ‘फिटर’चे. लाकडी सांगाडा, ताणाच्या तारा आणि पंखांवरचे कापड पाहणारा तो ‘रिगर’. एका विमानामागे अशी माणसे अहोरात्र राबत. जेम्स फिटर होता आणि दुरून येणाऱ्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्यातला बिघाड ओळखायला तो याच काळात शिकला.

१०/ ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या चार स्क्वाड्रनचे आकडे बोलके आहेत. ६३ विमाने, १०५ अधिकारी आणि ७५५ इतर हुद्द्यांचे सैनिक. म्हणजे दर अधिकाऱ्यामागे सात जण. त्यांतले बहुतेक मेकॅनिक, वाहनचालक आणि कारागीर. हवाई युद्धाची जी छायाचित्रे पुढे गाजली, त्यांत यांतले फार थोडे चेहरे दिसतात आणि दिसले तरी त्यांखाली नाव क्वचितच असते.

११/ फ्रान्समध्ये पोहोचताच माघार सुरू झाली. मोबूजहून दक्षिणेकडे हटत स्क्वाड्रन सप्टेंबरच्या आरंभी पॅरिसच्या आग्नेयेस मेलँपर्यंत आल्या. जवळजवळ रोज नवे शेत, नवा तळ. विमाने उडून जात. मेकॅनिक मात्र निर्वासितांनी भरलेल्या रस्त्यांवरून लॉऱ्यांनी जात, रात्री पोहोचत आणि लगेच इंजिनांना हात घालत. घाईत ताब्यात घेतलेल्या वाहनांत एका सॉस कंपनीची लालभडक गाडीही होती. आपला तळ कुठे आहे, हे वैमानिक वरून तिच्याकडे पाहून ओळखत.

१२/ १२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री वादळ आले. उघड्यावर बांधून ठेवलेली विमाने वाऱ्याने उलटली आणि त्यांपैकी काही मोडून गेली. लाकूड, तार आणि कापड यांचे हे यंत्र गोळीइतकेच वाऱ्यालाही भिऊन असे. मोडलेल्या विमानांचे सुटे भाग काढून दुसरी उडती करायची, हे त्या सेनेतील मेकॅनिकांचे नित्याचे गणित झाले. एप्रिल १९१५ मध्ये जेम्स सार्जंट झाला. आपल्या तुकडीची सगळी इंजिने आता त्याच्या जबाबदारीवर होती.

१३/ महिनाभरातच, १ मे १९१५ रोजी, त्याचा भाऊ विल्यम विमान अपघातात मरण पावला. विल्यमही सार्जंट होता, सैन्यातील आरंभीच्या बिगर-अधिकारी वैमानिकांपैकी एक. त्यानेच जेम्सला आकाशाची ओढ लावली होती. जेम्सलाही वैमानिक व्हायचे होते. परंतु काही काळ त्याची मागणी मान्य झाली नाही. कारण साधे होते: इंजिन जाणणारा अनुभवी सार्जंट मिळणे कठीण होते.

१४/ मग तो मिळेल तेव्हा निरीक्षक म्हणून उडू लागला. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्याच्या मोराँ विमानावर माक्स इमेलमान या प्रसिद्ध जर्मन वैमानिकाचे फोकर चालून आले. मागच्या आसनावरून बंदूक चालवत जेम्सने त्याला दूर ठेवले. जानेवारी १९१६ मध्ये फ्रेंच सेनापती झोफ्र यांच्या हस्ते त्याला ‘क्रवा द गेर’ हे पदक मिळाले आणि त्याच महिन्यात उड्डाणाच्या शिक्षणासाठी तो इंग्लंडला रवाना झाला.

१५/ एप्रिल १९१६ मध्ये त्याला वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळाले. ६ सप्टेंबर १९१६ रोजी पहिला हवाई विजय, १ जानेवारी १९१७ रोजी अधिकारपद. मधल्या काळात त्याने शिक्षक म्हणूनही काम केले. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत मिक मॅनॉक होता, जो पुढे स्वतः ब्रिटनच्या अग्रगण्य लढाऊ वैमानिकांत गणला गेला. ऑगस्ट १९१७ मध्ये मॅकडन क्रमांक ५६ स्क्वाड्रनमध्ये ‘बी’ तुकडीचा प्रमुख म्हणून रुजू झाला.

१६/ ५६ ही नावाजलेली स्क्वाड्रन. तिच्यात ईटनसारख्या उच्चभ्रू शाळांतून आलेले तरुण होते. बिगुलवादकापासून वर आलेला मॅकडन त्यांच्यात थोडा वेगळाच वाटे. त्याचा वेळ जाई हँगरमध्ये. बंदुकांची नेम-जुळवणी तो स्वतः करी. इंजिनावरचे काम मेकॅनिकांच्या खांद्याला खांदा लावून पाही आणि त्यांच्याकडून तितक्याच काटेकोरपणाची अपेक्षा ठेवी.

१७/ या स्क्वाड्रनशी भारताचाही धागा जोडलेला आहे. कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल राय ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस ५६ मध्येच दाखल झाले. नोव्हेंबरच्या आरंभी त्यांच्या विमानाला अपघात झाला आणि त्यांना काही महिने लढाऊ उड्डाणापासून दूर राहावे लागले. पुढे ४० स्क्वाड्रनमधून लढताना त्यांनी दहा विजय मिळवले आणि २२ जुलै १९१८ रोजी त्यांना वीरमरण आले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर याच आघाडीवर त्याआधी महिनाभर, जून १९१८ मध्ये, कामी आले होते.

१८/ मॅकडनचे खास लक्ष्य होते जर्मनांची दोन आसनी टेहळणी विमाने. लढाऊ विमानांची झुंज दिसायला रोमहर्षक असे. पण खंदकांतील हजारो सैनिकांच्या जिवावर उठत ती टेहळणीची छायाचित्रे, कारण त्यांवरून तोफांचा मारा ठरे. यांतली सर्वांत अवघड शिकार म्हणजे ‘रुम्पलर’. तिचे माय्बाख इंजिन उंच, विरळ हवेसाठीच बनवलेले होते. ती वीस हजार फुटांवरून निवांत जाई आणि ब्रिटिश विमाने खालूनच पाहत राहत.

१९/ एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो. सिलिंडरमध्ये कमी हवा शिरते, म्हणून शक्ती घटते. यावर एक उपाय म्हणजे पिस्टनने ते मिश्रण अधिक दाबणे. जमिनीलगतच्या दाट हवेत असा जादा दाब इंजिनाला घातक ठरू शकतो. पण उंचीवर तोच उपकारक होतो. मॅकडनने आपल्या एस.ई.५ए विमानाच्या हिस्पानो-सुइझा इंजिनात जास्त दाबाचे पिस्टन बसवून घेतले.

२०/ परिणाम दिसून आला. त्याचे विमान आता वीस हजार फुटांपलीकडे जाऊ लागले. धुराड्याच्या नळ्या आखूड करून त्याने वजन घटवले. स्वतः पाडलेल्या एका जर्मन एल.व्ही.जी. विमानाच्या पंख्याची टोपी काढून त्याने आपल्या विमानाच्या नाकावर चढवली. उघड्या आसनावर, प्राणवायूच्या नळीविना, हाडे गोठवणाऱ्या थंडीत तो तासन्‌तास वाट पाहत राही. खाली उतरल्यावर डोके ठणकत असे. २३ डिसेंबर १९१७ रोजी त्याने एकाच दिवशी चार विमाने पाडली. 

२१/ व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात ५४ विमानांचा हिशेब आहे. त्यांपैकी ४२ निश्चितपणे नष्ट झालेली आणि १९ ब्रिटिश हद्दीत कोसळलेली. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. टेहळणीचे विमान आपल्या हद्दीत पाडायचे, तर ते आत येईपर्यंत त्याच्याइतक्याच उंचीवर दबा धरून थांबावे लागे. बहुतेक वैमानिकांची विमाने तिथवर पोहोचतच नव्हती. मॅकडनची पोहोचत होती, कारण त्यामागे हँगरमधल्या रात्री होत्या.

२२/ १८ मार्च १९१८ रोजी धाकटा भाऊ जॉन अँथनी, हाही लढाऊ वैमानिक, हवाई लढाईत मारला गेला. ६ एप्रिलला राजे पाचवे जॉर्ज यांनी बकिंगहॅम राजवाड्यात जेम्सला व्हिक्टोरिया क्रॉस प्रदान केला. तीन वर्षांत दोन मुलगे गमावलेल्या घरात हा सन्मान आला. काही महिने इंग्लंडमध्ये शिकवण्याचे काम करताना जेम्सने आपल्या आठवणी लिहून काढल्या आणि हस्तलिखित प्रकाशनासाठी सोपवले. मग ६० स्क्वाड्रनचे नेतृत्व स्वीकारण्यासाठी तो फ्रान्सला निघाला.

२३/ ९ जुलै १९१८. नव्या एस.ई.५ए मधून जाताना वाट विचारण्यासाठी तो ऑक्सी-ल-शातो येथील विमानतळावर उतरला. तिथून त्याचा नवा तळ अगदी जवळ होता. दिशा समजून घेऊन त्याने पुन्हा उड्डाण केले. विमान थोडेसे वर चढले, मग त्याचा तोल गेला आणि ते धावपट्टीलगतच्या झाडीत कोसळले. या वेळी धावत गेले ते त्या तळावरचे मेकॅनिक. मॅकडनच्या कवटीला गंभीर इजा झाली होती. त्याच संध्याकाळी व्हाव्हाँ येथील लष्करी उपचार केंद्रात त्याने प्राण सोडला. वय तेवीस.

२४/ अपघात का झाला? साक्षीदारांची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत. काहींच्या मते इंजिनाने दगा दिला आणि त्यासाठी कार्ब्युरेटरमधील दोषाकडे बोट दाखवले जाते. काहींच्या मते उड्डाणानंतर लगेच घेतलेले तीव्र वळण घातक ठरले. एवढे मात्र खरे, की हे विमान त्याच्यासाठी नवे होते. ज्या यंत्रांनी त्याला जिवंत ठेवले, त्यांचा प्रत्येक भाग त्याने आणि त्याच्या ओळखीच्या हातांनी तपासलेला असे. या यंत्राशी त्याची तेवढी ओळख व्हायची होती.

२५/ तेरा दिवसांनी इंद्रलाल राय गेले, सतरा दिवसांनी मॅनॉक. ‘नामवंत वैमानिक’ या शब्दांना लोकांच्या मनात जे तेज होते, त्यामागे आयुष्ये इतकी तोकडी होती. दुसरीकडे, १ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झालेल्या रॉयल एअर फोर्सची संख्या युद्ध संपताना सुमारे २ लाख ९० हजारांवर पोहोचली होती. त्यांतल्या बहुसंख्यांनी कधी विमान चालवले नाही. त्यांनी इतरांची विमाने उडती ठेवली.

२६/ मॅकडनची कबर व्हाव्हाँच्या लहानशा युद्धस्मशानभूमीत आहे. त्याची पदके त्याच्या जन्मगावी, गिलिंगहॅम येथील रॉयल इंजिनीअर्स संग्रहालयात आहेत. म्हणजे ज्या दलात तो पंधराव्या वर्षी बिगुल घेऊन उभा राहिला, त्याच दलाच्या घरी. कीथ बार्लोच्या नावाभोवती असे काही उभे राहिले नाही. नेदरएव्हनची ती सकाळ आपल्यापर्यंत इतक्या जवळून पोहोचते, ती मॅकडनने लिहिल्यामुळे.

२७/ त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९१८ मध्येच निघाले. शीर्षक: ‘फाइव्ह इयर्स इन द रॉयल फ्लाइंग कोअर’, म्हणजे त्या दलातील पाच वर्षे. हा हिशेब पहिल्या उड्डाणापासून किंवा पहिल्या विजयापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो एप्रिल १९१३ पासून, दुसऱ्या श्रेणीच्या एअर मेकॅनिकपासून. त्या पाच वर्षांतला निम्म्याहून अधिक काळ त्याने वैमानिक होण्यापूर्वी, इतरांच्या विमानांचे पंखे फिरवत आणि इंजिने दुरुस्त करत घालवला होता. बार्लो त्याच काळातला त्याचा सोबती. 🙏